बॅकगॅमनचा खेळ सुधारण्यासाठी कोणती पुस्तके घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने वाचावीत?

गोदातीर (नांदेड)

नमस्कार मंडळी.

मी नांदेडला नोकरी करतो आणि कार्यालयातल्या एका सहकाऱ्यामुळे बॅकगॅमनच्या नादी लागलो आहे. पटाची मांडणी, सोंगट्या मारणे, बारवर (पटाच्या मधल्या पट्टीवर) गेलेली सोंगटी परत आणणे, गॅमन (समोरच्याची एकही सोंगटी बाहेर पडण्याआधी डाव जिंकणे) झाल्यास दुप्पट गुण, हे सारे मोबाइलवर शिकून झाले असून पहिल्या दानाच्या रूढ चालीही बहुतेक पाठ आहेत. अडचण येते ती डाव मध्यावर आल्यावर. दोन-तीन चाली सारख्याच बऱ्या वाटतात आणि मी त्यांतली एखादी केवळ डोळ्यांना बरी दिसते म्हणून खेळतो. माझा सहकारी मात्र अशा वेळी क्षणभर थांबतो, बोटांवर काही मोजतो आणि नेमकी ती चाल खेळतो जिच्यामुळे पुढच्या दोन दानांत मी कोंडला जातो. दान त्यालाही माझ्याइतकेच वाईट पडते, तेव्हा फाशांना बोल लावण्यात अर्थ नाही.

म्हणून पुस्तकांकडे वळायचे ठरवले आहे. मराठीत या खेळावरचे पुस्तक मला सापडले नाही आणि इथल्या वाचनालयांतही काही मिळाले नाही, त्यामुळे इंग्रजी पुस्तके मागवावी लागणार. ती स्वस्त नसतात, म्हणून यंदा दोनच घेण्याचा विचार आहे. इंग्रजी सावकाश वाचले तर समजते आणि बारावीपर्यंतचे गणित अजून विसरलेलो नाही. माझी मुख्य शंका अशी की, जिथे पाहावे तिथे १९७० च्या दशकातल्या पुस्तकांची शिफारस दिसते. संगणक माणसापेक्षा चांगले खेळू लागल्यानंतरही ती पुस्तके वाचण्यात अर्थ उरला आहे का? आणि आम्ही डबलिंग क्यूबशिवाय (तो फिरवला की समोरच्याने दुप्पट गुणांवर खेळायचे किंवा डाव सोडायचा) खेळतो, कारण सहकाऱ्याच्या मते क्यूब म्हणजे जुगार. मग क्यूबवरची प्रकरणे असलेली पुस्तके माझ्या काय उपयोगाची?

औंढ्याचे मास्तर (हिंगोली)

गोदातीर साहेब, आपण दोनच पुस्तके घेणार असाल तर पहिले पुस्तक पॉल मॅग्रिएल यांचे ‘बॅकगॅमन’ असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे पुस्तक १९७६ साली निघाले. मॅग्रिएल काही वर्षे महाविद्यालयात गणित शिकवत होते, पुढे १९७८ साली ते जगज्जेते झाले आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांनी या खेळावर सदरही चालवले. गणित शिकवणाऱ्या माणसाने लिहिलेले असूनही पुस्तकात आकडेमोडीचे ओझे नाही. एक कल्पना मांडायची, ती आकृतीने दाखवायची, मग त्याच कल्पनेची जरा वेगळी स्थिती देऊन वाचकालाच विचार करायला लावायचे, अशी त्याची रीत आहे, आणि मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला ती रीत फार आवडते.

आपला सहकारी बोटांवर काय मोजतो, हे बहुधा मी सांगू शकतो. आपली एकटी सोंगटी उघडी राहणार असेल तर ती प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपासून किती घरांवर ठेवायची, याचा तो हिशेब असावा. दोन फाशांची एकूण ३६ दाने होतात. मधली घरे अडलेली नसतील तर एका घरावरची सोंगटी ११ दानांनी मारली जाते, दोन घरांवरची १२ दानांनी, तीन घरांवरची १४, चार किंवा पाच घरांवरची १५ आणि सहा घरांवरची १७ दानांनी. परंतु तीच सोंगटी सात घरांवर गेली की मारणारी दाने एकदम ६ वर येतात, कारण आता एकट्या फाशाने काम होत नाही, दोन्ही फाशांची बेरीज जुळावी लागते. म्हणजे सहाच्या आत राहणे भाग असेल तर जितके जवळ तितके बरे, आणि बाहेर पडता येत असेल तर सहाच्या पलीकडे. दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचा धडा आला की मी फळ्यावर ३६ चौकटी आखून हा तक्ता मुलांकडूनच भरून घेतो. पाठ करण्यापेक्षा एकदा हाताने भरलेला तक्ता अधिक काळ टिकतो, तेव्हा आपणही तसेच करावे.

मात्र तक्ता सांगतो तो फक्त धोका किती आहे हे. धोका पत्करावा की नाही, हे तो सांगत नाही, आणि मॅग्रिएल यांच्या पुस्तकाचा खरा कस तिथेच दिसतो. सावध खेळावे की धाडसाने खेळावे, हे मनाच्या लहरीवर न सोडता पटावरच्या खुणांवरून ठरवायला ते शिकवतात. प्रतिस्पर्ध्याचा होम बोर्ड (जिथून तो सोंगट्या बाहेर काढतो ती सहा घरे) मजबूत असेल, म्हणजे त्याने तिथली चार-पाच घरे किमान दोन-दोन सोंगट्या ठेवून बांधलेली असतील, तर आपली मारलेली सोंगटी बारवरच अडकून पडते, म्हणून सावध राहावे. पाच घरे बंद असताना ३६ पैकी केवळ ११ दानांनी आत येता येते, तीनच बंद असतील तर २७ दाने उपयोगी पडतात, एवढा तो फरक आहे. उलट त्याच्या होम बोर्डात आपले एखादे पक्के घर, ज्याला अँकर म्हणतात, असेल तर सोंगटी मारली गेली तरी उतरायला जागा राहते, म्हणून तेव्हा धाडस करायला हरकत नसते. आपण लिहिलेत ते ‘दोन-तीन चाली सारख्याच वाटतात’ हे दुखणे अशाच निकषांनी बरे होते.

उणीव सांगायची तर क्यूबविषयी या पुस्तकात तुलनेने थोडेच आहे.

लातूरकर

मास्तरांविषयी आदर राखून मी थोडे वेगळे सुचवतो. कोणतेही पुस्तक मागवण्याआधी आपले गुण नेमके कुठे जातात, हे शोधून काढा, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. जीएनयू बॅकगॅमन हा कार्यक्रम मोफत असून साध्या संगणकावरही चालतो. त्याच्याशी काही सामने खेळा, किंवा सहकाऱ्याशी झालेला डाव चालीचालीने लिहून ठेवून त्यात भरा. तो प्रत्येक चाल तपासतो, आपण काय खेळलात आणि काय खेळायला हवे होते हे शेजारी-शेजारी दाखवतो आणि त्या फरकाने किती गुणांचे नुकसान झाले हे दशांशात सांगतो. सोंगट्यांच्या चालींतल्या चुका आणि क्यूबच्या चुका तो वेगवेगळ्या मोजतो. लातूरला सराव परीक्षेचा निकाल लागला की विद्यार्थ्याला एकूण गुणांपेक्षा कोणत्या धड्यातले प्रश्न गेले ते आधी विचारतात. इथेही तसेच करायचे. आपल्या मोठ्या चुका काढून त्यांची वर्गवारी करा: सुरुवातीच्या चालींतल्या किती, मागच्या सोंगट्या बाहेर काढण्यातल्या किती, शेवटी सोंगट्या पटाबाहेर नेतानाच्या किती. ज्याच्या चुका शेवटच्या टप्प्यात एकवटल्या आहेत, त्याने सुरुवातीच्या डावपेचांवरचे जाडजूड पुस्तक घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता कोणी म्हणेल की कार्यक्रमच सगळे सांगतो, तर मग पुस्तक हवेच कशाला? कारण कार्यक्रम उत्तर सांगतो, कारण सांगत नाही. एक चाल दुसरीपेक्षा ०.०८ ने बरी आहे, एवढे कळून पुढच्या डावात काही हाती लागत नाही, कारण तीच स्थिती पुन्हा येणार नसते. येते ती तिच्यासारखी दुसरी, आणि त्या दोघींत समान काय आहे हे माणसाने लिहिलेल्या स्पष्टीकरणातूनच समजते.

म्हणून माझी पहिली पसंती बिल रॉबर्टी यांच्या ‘५०१ इसेन्शियल बॅकगॅमन प्रॉब्लेम्स’ला. हे पुस्तक २००० साली आले. रॉबर्टी १९८३ आणि १९८७ असे दोनदा जगज्जेते झालेले खेळाडू आहेत. डावाच्या टप्प्यांनुसार आणि विषयांनुसार प्रकरणे पाडलेली असल्याने, वर्गवारी करून झाल्यावर आपल्या कच्च्या विषयाचे प्रकरण आधी उघडता येते आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची सक्ती राहत नाही. इंग्रजीही साधे आहे, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एखाद-दुसऱ्या परिच्छेदात संपते. त्यांचेच ‘अ‍ॅडव्हान्स्ड बॅकगॅमन’ हे दोन खंडांचे पुस्तक अधिक खोल आहे, पण ते आत्ताच घेऊ नये. तिथली स्पष्टीकरणे समजायला आधी बराच खेळ डोळ्यांखालून जावा लागतो.

प्रश्नांचे पुस्तक वाचण्याची पद्धत मात्र सांभाळावी लागते. आकृती पाहायची आणि लगेच खालचे उत्तर वाचून मान डोलवायची, असे केले तर ते पालथ्या घड्यावर पाणी. उत्तरावर जाड कागद ठेवावा. स्थिती खऱ्या पटावर मांडावी, कारण कागदावरच्या आकृतीत न दिसणारी उघडी सोंगटी पटावर चटकन दिसते. मग आपली चाल वहीत लिहावी आणि तिच्यापुढे तिचे कारण एका पूर्ण वाक्यात लिहावे. ‘बरी वाटते’ हे कारण नव्हे. ‘त्याच्या तीन सोंगट्या माझ्या भिंतीमागे आहेत, म्हणून भिंतीचे पाचवे घर बांधतो’ हे कारण. उत्तर पाहिल्यावर चाल बरोबर आली की नाही याइतकेच कारण जुळले की नाही हेही तपासावे. चुकीच्या कारणाने बरोबर आलेली चाल वहीत चूक म्हणूनच नोंदवावी. चुकलेले प्रश्न काही दिवसांनी पुन्हा सोडवावेत. अशा रीतीने रोज पाच-सहापेक्षा जास्त प्रश्न होत नाहीत, आणि होऊही नयेत.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

जुन्या पुस्तकांविषयीच्या शंकेला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. जुने पुस्तक टाकाऊ आहे का, हा प्रश्नच मुळात सरसकट विचारण्यासारखा नाही. पुस्तकाच्या कोणत्या भागाचे वय झाले आहे, असा तो विचारला पाहिजे.

बॅकगॅमनच्या ज्ञानाची फाळणी करणारे वर्ष म्हणून १९९२ धरावे. आयबीएममधले संशोधक जेराल्ड टेसॉरो यांनी त्या सुमारास टीडी-गॅमन हा कार्यक्रम तयार केला. त्याला माणसांचे डाव शिकवले नव्हते. तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला, आणि तरीही थेट अव्वल खेळाडूंच्या पंक्तीत जाऊन बसला. त्याने काही सुरुवातीच्या चालींबाबत रूढ समजाला धक्का दिला. उदाहरणार्थ, पहिलेच दान चार-एक पडले तर त्या काळी अनेक जाणकार एक सोंगटी १३ वरून ९ वर आणि दुसरी ६ वरून ५ वर आणत (घरे आपल्या होम बोर्डाच्या बाहेरच्या टोकापासून १ ते २४ अशी मोजतात). पाचवे घर मोलाचे, म्हणून तिथे एकटी सोंगटी ठेवायची आणि मारली गेली नाही तर पुढच्या दानात ते घर बांधायचे, असा त्यामागचा विचार होता. पण ती सोंगटी प्रतिस्पर्ध्यापासून चार घरांवर असते, म्हणजे मास्तरांच्या तक्त्याप्रमाणे १५ दाने तिला मारतात, आणि मारली गेली की चालून आलेली २० पावले वाया जातात. टीडी-गॅमनला ६ वरच्या सोंगटीऐवजी मागची सोंगटी २४ वरून २३ वर सरकवणे अधिक पसंत पडले. खेळाडूंनी पडताळून पाहिले आणि हळूहळू तीच चाल रूढ झाली. दोन-एक आणि पाच-एक या दानांबाबतही असाच फेरविचार झाला.

तेव्हा १९९२ पूर्वीचे कोणतेही पुस्तक हाती घेतल्यावर सुरुवातीच्या चालींचे प्रकरण पेन्सिल घेऊन वाचावे आणि प्रत्येक शिफारस जीएनयू बॅकगॅमनमध्ये तपासून समासात नोंद करावी. क्यूबच्या उत्तरांबाबतही थोडी सावधगिरी ठेवावी. पण घरे बांधणे, कोंडी करणे, सावध आणि धाडसी खेळाचे निकष, शेवटी सोंगट्या बिनधोक बाहेर काढणे, या विषयांवरचे मॅग्रिएल यांचे विवेचन आजही जसेच्या तसे वाचण्यासारखे आहे, कारण ते विशिष्ट चालींपेक्षा विचाराच्या पद्धतीवर उभे आहे. काही जण या पुस्तकाला केवळ जुने म्हणून नावे ठेवतात. त्यांनी ते नीट वाचलेले नसावे, असा माझा समज आहे. त्याच दशकातली इतर अनेक पुस्तके मात्र आता संग्राहकांनीच घ्यावीत. बॅकगॅमन तेव्हा क्लबांतल्या श्रीमंतांची फॅशन होती आणि त्या लाटेवर बरेच काही घाईने छापले गेले.

खरेदीविषयी एक इशारा देतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी स्वस्तात एक पुस्तक मागवले. आले ते झेरॉक्सवरून केलेले पुनर्मुद्रण, आणि आकृत्यांमधल्या काळ्या आणि करड्या सोंगट्या इतक्या सारख्या उमटल्या होत्या की कोणाची सोंगटी कुठे आहे हे मजकुरावरून ताडावे लागत होते. बॅकगॅमनच्या पुस्तकात आकृती गेली म्हणजे सगळेच गेले. विकत घेण्यापूर्वी आतल्या पानांची छायाचित्रे जरूर मागवावीत. ई-पुस्तक घ्यायचे असेल तर नमुन्याची पाने मोबाइलवर नव्हे, मोठ्या पडद्यावर उघडून पाहावीत.

जाता जाता: वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वती फासे खेळत असल्याचे सुंदर शिल्प आहे. आमच्याकडे बॅकगॅमनचा विषय निघाला की कोणीतरी त्याचा दाखला देऊन आपल्याला हा खेळ रक्तातूनच यायला हवा असे म्हणतो. शिल्प पाहायला जरूर जा, पण सारीपाटाच्या सवयीवर विसंबू नका. मुख्य म्हणजे क्यूब तिथे नाहीच.

गोदातीर (नांदेड)

सर्वांचे मनापासून आभार. मास्तर, तक्ता कालच कागदावर भरून पाहिला. सहाच्या रकान्यात आधी १५ च दाने येत होती, मग तीन-तीन आणि दोन-दोन ही जोडदाने ध्यानात आली. लातूरकर, जीएनयू बॅकगॅमन उतरवून घेतले आहे.

पैठणगेट यांनी शेवटी क्यूबचा उल्लेख केलाच आहे, तर माझा तो प्रश्न पुन्हा विचारतो. पैसे न लावता खेळणाऱ्यांना क्यूबचा अभ्यास करून काय मिळते? सहकाऱ्याला पटेल असे काही उत्तर असेल तर हवे आहे.

अंबाजोगाईची वाचक

पैसे लावणे आणि क्यूब वापरणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही घरी सात गुणांचा सामना खेळतो, त्यात रुपयाचाही संबंध येत नाही. क्यूब १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आला हे खरे आणि तो पैशाच्या खेळातून आला हेही खरे, पण आज स्पर्धांमध्ये तो गुणांसाठीच फिरवला जातो. त्याच्यामुळे खेळ अधिक जुगारी होतो, असेही नाही. हरल्यातच जमा असलेला डाव अर्धा तास रेटत एखाद्या चमत्कारी दानाची वाट पाहण्याची मुभा क्यूब काढून घेतो, त्यामुळे दैवाचा वाटा कमीच होतो.

तो कसा विचार करायला लावतो, हे एका छोट्या स्थितीवरून दाखवते. समजा, तुमच्या दोनच सोंगट्या उरल्या आहेत, एक पाचव्या घरात आणि एक दुसऱ्या घरात. प्रतिस्पर्ध्याची एकच सोंगटी पहिल्या घरात आहे, म्हणजे त्याची पाळी आली की तो जिंकणारच. दान तुमचे आहे. दोन्ही सोंगट्या एकाच दानात बाहेर काढणारी दाने मोजली तर ३६ पैकी १९ येतात, त्यांत चार-चार, तीन-तीन आणि दोन-दोन ही जोडदानेही आहेत. म्हणजे जिंकण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. असे ३६ डाव झाले असे धरा. क्यूब न फिरवता तुम्ही १९ जिंकाल, १७ हराल, फायदा २ गुणांचा. क्यूब फिरवला आणि त्याने स्वीकारला तर तोच फायदा ४ गुणांचा होतो, म्हणून फिरवायलाच हवा. आता त्याच्या बाजूने पाहा. त्याने प्रत्येक वेळी नकार दिला तर तो ३६ गुण गमावेल, स्वीकारले तर केवळ ४. म्हणजे मागे असूनही त्याने स्वीकारायलाच हवा. दोन्ही बाजूंचा निर्णय बरोबर आणि दोन्ही बाजूंना तो अवघड वाटणारा!

कोणत्या मर्यादेपर्यंत स्वीकारावे, याचाही हिशेब सोपा आहे. चार डावांत चारदा नकार दिला तर चार गुण जातात. चारदा स्वीकारून तीन हरले आणि एक जिंकला तर सहा जातात, दोन येतात, म्हणजे पुन्हा चारच जातात. म्हणून २५ टक्के ही सीमारेषा. गॅमनचा धोका असेल किंवा क्यूब पुन्हा फिरवण्याची संधी असेल तर ती इकडेतिकडे सरकते, पण सुरुवात इथूनच करायची.

आता वरच्या स्थितीत छोटासा बदल करा. सोंगट्या पाचव्या आणि दुसऱ्या घरांऐवजी चौथ्या आणि तिसऱ्या घरांत ठेवा. एकूण पावले सातच आहेत, पण जिंकणारी दाने १९ वरून १७ वर येतात आणि क्यूब फिरवणे चूक ठरते. सहाव्या आणि पहिल्या घरांत ठेवल्या तर दाने १५ च उरतात. पावले तीच, सोंगट्यांची ठेवण वेगळी, आणि निर्णय उलटा! हा फरक क्यूबशिवाय खेळणाऱ्याला सहसा जाणवत नाही, कारण दान टाकण्याखेरीज त्याला काही ठरवायचेच नसते. पण एकदा तो जाणवला की दोन दाने आधी सोंगट्या कुठे आणून ठेवायच्या याचा विचार आपोआप सुरू होतो, आणि तो क्यूब नसलेल्या डावातही कामाला येतो. साहेबांच्या सहकाऱ्याला हीच तीन मांडणी पटावर दाखवावीत, आणि दाने त्यालाच मोजू द्यावीत.

पुस्तकाविषयी: सामने खेळण्याचा विचार असेल तर किट वूल्सी यांचे ‘हाउ टू प्ले टूर्नामेंट बॅकगॅमन’ हे १९९३ सालचे पुस्तक पाहावे. सामन्यात गुणफलकानुसार क्यूबचे निर्णय कसे पालटतात, हा त्याचा गाभा आहे. एक नियम वूल्सी यांच्या नावानेच ओळखला जातो. त्याचा आशय असा की, ही स्थिती प्रतिस्पर्ध्याने स्वीकारावी की नाकारावी याबद्दल तुमची खात्री होत नसेल, तर क्यूब फिरवणे बरोबरच असते. मी नव्या खेळाडूंना आधी हाच नियम सांगते, कारण बहुतेक जण क्यूब फार उशिरा फिरवतात. तुम्ही सामने खेळू लागलात तर क्रॉफर्ड नियमही लावून घ्या: एका खेळाडूला जिंकायला एकच गुण उरला की लगेचच्या एका डावात क्यूब बंद, त्यानंतर पुन्हा सुरू. त्या बंद डावानंतर मागे पडलेल्या खेळाडूने पहिल्या संधीलाच क्यूब फिरवायचा असतो, कारण त्याला गमावण्यासारखे काही उरलेलेच नसते.

मात्र सहकारी क्यूबला तयारच नसेल तर वूल्सी यांचे पुस्तक तूर्त घेऊ नका. त्यातला बराचसा भाग वापराविना पडून राहील.

औंढ्याचे मास्तर (हिंगोली)

ताईंनी दिलेली तीन मांडणी उद्याच वर्गात घेतो.

शर्यतीविषयी थोडी भर घालतो. दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या की कोणी कोणाला मारू शकत नाही आणि उरते ती केवळ पावलांची शर्यत. सुरुवातीला प्रत्येकाची १६७ पावले असतात आणि एका दानाची सरासरी आठ पावलांहून किंचित जास्त पडते. लांब शर्यतीत आपण आठ टक्क्यांनी पुढे असलो तर क्यूब फिरवावा, फिरवून आलेला क्यूब परत फिरवायचा असेल तर नऊ टक्के असावेत, आणि प्रतिस्पर्ध्याने बारा टक्क्यांपर्यंत तो स्वीकारावा. म्हणजे आपली १०० पावले उरली असतील आणि त्याची १०८, तर फिरवा. त्याची ११२ पेक्षा जास्त असतील तर त्याने नाकारावा. शर्यतीचे गणित मनापासून आवडणाऱ्यांसाठी वॉल्टर ट्राइस यांचे २००४ सालचे ‘बॅकगॅमन बूट कॅम्प’ आहे. पण ते तिसरे किंवा चौथे पुस्तक म्हणून घ्यावे, पहिले म्हणून नव्हे.

लातूरकरांच्या सूचनेतला निम्मा भाग मला मान्य आहे. चुकांची वर्गवारी जरूर करावी. परंतु ज्याला अँकरचे महत्त्व अजून कळलेले नाही, त्याच्यापुढे वर्गवारीचे आकडे ठेवले तरी त्या आकड्यांचे करायचे काय, हे त्याला समजणार नाही. म्हणून मॅग्रिएल आधी, या मतावर मी कायम आहे.

लातूरकर

मास्तर, गोदातीर यांना तक्ता भरता आला आणि जोडदानेही स्वतः सापडली, म्हणजे ते अगदीच कोरे नाहीत. तरी आपण म्हणता तसे दोन्ही एकदम चालवायला हरकत नाही: सकाळी मॅग्रिएल यांचे एक प्रकरण आणि रात्री त्याच विषयाचे रॉबर्टींचे पाच प्रश्न. दोन पुस्तकांच्या मर्यादेतही ते बसते.

गोदातीर (नांदेड)

तेच करतो. मॅग्रिएल आणि रॉबर्टी, अशी दोन पुस्तके मागवत आहे, आणि विक्रेत्याकडून आतल्या पानांची छायाचित्रे आधी घेतली आहेत. आकृत्या स्वच्छ आहेत. तीन मांडणी सहकाऱ्याला दाखवली. त्याने दाने स्वतः मोजली, १५ आणि १९ वर त्याचा विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली, आणि पाच गुणांचा एक सामना क्यूबसह खेळून पाहू म्हणाला.

एकच शेवटची शंका. त्या छायाचित्रांत काही आकृत्यांमध्ये सोंगट्या उजवीकडून बाहेर जाताना दिसतात. आमच्या पटावर मी नेहमी डावीकडून काढतो. यामुळे वाचताना गोंधळ होईल का?

लातूरकर

सुरुवातीला होतो. कोणत्या बाजूने बाहेर काढायचे हे ठरलेले नसते, दोन्ही चालतात, आणि घरांचे आकडे आपल्या होम बोर्डाच्या बाहेरच्या टोकापासून १ ते २४ असेच मोजले जातात, मग ते टोक उजवीकडे असो की डावीकडे. सरावाला बसताना पट पुस्तकातल्या दिशेने मांडा, आणि सहकाऱ्याशी खेळताना अधूनमधून बाजू बदलून बसा. स्पर्धेत कोणत्या बाजूला बसावे लागेल हे आपल्या हातात नसते, तेव्हा दोन्ही दिशांची सवय असलेली बरी.